मामांची आगाऊ श्रद्धांजली

आमच्या ऑफिसात माणूस मरायच्या आधी त्याची श्रद्धांजली तयार असायची. ऐकायला वाईट वाटतं, पण पुढाऱ्याच्या कचेरीत चार दिवस बसलं की त्यात काही वाटेनासं होतं. परभणीत भाऊंच्या संपर्क कार्यालयात प्रेसनोट लिहायचं काम मी करते. भाऊ म्हणजे आमचे पुढारी. पक्ष कोणता ते विचारू नका. मधल्या काळात तो बदलला, आणि पुन्हा बदलणार नाही याची हमी मी देत नाही.

ही आगाऊ श्रद्धांजलीची पद्धत मामांनी घातलेली. मामा ताडकळसचे, भाऊंचा सगळ्यात जुना माणूस. भाऊ मोटारसायकलवर गावोगाव फिरायचे तेव्हा मागच्या सीटवर मामा असत. भाऊंची पहिली प्रेसनोट मामांनी लिहिली आणि स्वतः एसटीनं येऊन पेपरच्या कचेरीत दिली. पुढे एकदा जिंतूरकडचे एक वजनदार गृहस्थ वारले. विरोधकांची श्रद्धांजली दुसऱ्या दिवशी पेपरात आली, आमची तिसऱ्या दिवशी. तेराव्याला भाऊ गेले तर घरच्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि पुढच्या निवडणुकीत त्या गावानं काय केलं ते सांगायलाच नको. तेव्हापासून मामांचा नियम झाला: कुणी अंथरुणाला खिळल्याची खबर आली की मसुदा करून ठेवायचा.

"मरणाला मुहूर्त नसतो, माय, पेपरला असतो," असं त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांचं दुसरं शिकवणं म्हणजे पेपरवाल्याची कात्री खालून चालते. जागा कमी पडली की ते शेवटची वाक्यं उडवतात. म्हणून जे राहायलाच पाहिजे ते सगळ्यात वर घालायचं. आमच्याकडे सगळ्यात वर कायम भाऊंचं नाव असायचं.

ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुपसुद्धा मामांनीच काढलेला. मसुदा तिथं टाकायचा, चार जणांनी बघायचा, मग पत्रकारांना सोडायचा, अशी रीत होती. मामांची नजर मात्र सगळ्यांच्या आधी पडायची.

मग मामांना पोटाचं दुखणं निघालं. नांदेडच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं, पुन्हा शिवलं आणि घरी न्या म्हणाले. तेव्हापासून मामा ताडकळसला खाटेवर. बायको आधीच गेलेली. मुलगा शेती बघायचा आणि बापाला न्हाऊ-खाऊ घालायचा. हा मुलगा आमच्या ऑफिसची पायरी कधी चढला नाही. बापानं घरदार सोडून भाऊंच्या मागं जन्म घातला याचा राग त्याच्या तोंडावर लिहिलेला असायचा. मला तो कधी खोटा वाटला नाही.

मामांचा मला मधूनमधून फोन यायचा. तब्येतीचं विचारलं की म्हणायचे, "ती ऱ्हाऊ दे. भाऊ कवा यायलेत?"

येतील मामा, या आठवड्याच्या दौऱ्यात घातलंय, असं मी सांगायचे. आणि मी खरंच घालायचे. मग पूर्णेचं एखादं उद्घाटन निघायचं, राणीसावरगावचं लग्न निघायचं, मुंबईहून बोलावणं यायचं, आणि दौऱ्यातून पहिलं काय गळायचं तर ताडकळस. आपल्या माणसाला केव्हाही भेटता येतं, असं भाऊ म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. फिरून उपयोग काय? दौरा शेवटी भाऊंच्या पीएच्या हातात.

एका दुपारी मुलाचा फोन आला, की मामांनी अन्न सोडलंय, नुसतं पाणी घ्यायलेत. मी फोन ठेवला तर पीए समोर उभाच.

"मॅडम, करून ठेवा."

"काय करून ठेवू?"

"आता तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

मी म्हटलं, मी लिहिणार नाही, काय करायचं ते करा. आणि थोड्या वेळानं मीच लिहायला बसले. कारण पीएनं लिहिली असती तर मामांचा सगळा जन्म 'धडाडीचे कार्यकर्ते' एवढ्यात उरकला असता. लिहिताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं सरावानं चालत होती. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

पीएनं तो मसुदा भाऊंना फोनवर वाचून दाखवला. भाऊ गाडीत होते. म्हणाले, छान आहे, पण यात मी कुठं आहे? जरा जवळीक दाखवा. मग पीएनं आपल्या हातानं भर घातली: 'मामांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी माझा हात हातात घेतला होता.' आणि शेवटी आमचं नेहमीचं ठेवणीतलं वाक्य, 'त्यांच्या चितेच्या साक्षीने मी शब्द देतो की त्यांचे स्वप्न पूर्ण करीन.' मला न दाखवता त्यानं ते ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'बघून घ्या. खबर आली की सोडायची.'

मी ते उशाशी बसल्याचं वाचलं आणि चहाचा कप टेबलावर आपटला.

"भाऊ एकदा तरी गेलेत का तिकडं?"

"जातील की. तोपर्यंत जाऊन येतील, मग खोटं कुठं राहिलं?" पीए म्हणाला. या माणसाशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला एका पेपरच्या वार्ताहराचा मला फोन आला. आमच्याच ऑफिसात मामांच्या हातचे पोहे खाऊन हा माणूस बातमीदारी शिकला. त्यानं काही न बोलता आमची श्रद्धांजली मला फोनवर पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवली. 

"उद्या लावतोय, मॅडम. जिवंत कार्यकर्त्याला आगाऊ श्रद्धांजली. तुमची बाजू सांगा."

"कुणी दिलं तुम्हाला हे?"

"ते विचारू नका."

"अहो, तो माणूस जिवंत आहे. रोज पेपर वाचतो. त्याचा तरी विचार करा!"

तो मग म्हणाला, "मॅडम, दुसरं काहीही सांगा, ऐकतो. ही बातमी मला थांबवता येत नाही." त्याच्या आवाजात मस्ती नव्हती. त्याचं मला तेव्हाच नवल वाटायला पाहिजे होतं. पण त्या वेळी विचार करायची ताकद होती कुणाला.

त्यानंतर आमच्या ऑफिसात जी धावपळ झाली ती आठवली की आजही मला घाम फुटतो. पीएनं आधी ग्रुपवरचा मसुदा सगळ्यांसाठी पुसला. ज्यांनी वाचला नव्हता त्यांनीही मग मला खासगीत विचारलं, काय होतं हो ते? पीएनं पेपरच्या मालकाला फोन लावला, भाऊंच्या वाढदिवसाच्या पानभर जाहिराती देऊ केल्या. मालक गोड बोलले आणि संपादकांशी बोला म्हणाले. संपादकांनी फोनच उचलला नाही. मग पीएनं वार्ताहराला सांगून पाहिलं, की हे बनावट आहे, विरोधकांचं कारस्थान आहे. त्यावर तो म्हणाला, "चितेच्या साक्षीने शब्द देतो, हे तुमच्या प्रत्येक श्रद्धांजलीत असतं. बनावट कसं म्हणता? जुन्या सगळ्या माझ्याकडं आहेत."

मग फोडलं कुणी याचा शोध. पीएनं सगळ्यांचे मोबाईल टेबलावर ठेवायला लावले. ड्रायव्हरचा, कॉम्प्युटरवाल्याचा, माझा. ड्रायव्हर रडकुंडीला आला. त्याच्या मोबाईलमध्ये देवीचे फोटो आणि बायकोला पाठवलेली भाजीची यादी, याशिवाय काही निघालं नाही. "माझ्या लेकराची आन घेतो, साहेब," असं तो परत परत म्हणत होता. माझा मोबाईल पीएनं उचलला तेव्हा मात्र मी उठून त्याच्या हातातून ओढून घेतला.

"उशाशीचं वाक्य माझं नाही, तुमचं आहे. आधी स्वतःचा तपासा!"

पीएला भाऊंच्या इभ्रतीची पडली होती. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर, आणि गावोगाव भाऊंचं हसं होणार. त्याचं त्याच्या जागी बरोबर होतं. मला दुसरंच दिसत होतं. मामा सकाळी उठले की अंगाला भस्म लावायचे, गळ्यातल्या लिंगाची पूजा करायचे आणि मग पेपर उघडायचे. पेपर ही त्यांची दुसरी पूजा. त्या माणसानं जिवंतपणी आपली श्रद्धांजली वाचायची, आणि तीत जो उशाशी बसला म्हणून लिहिलंय तो कधी आलाच नाही हे उगाळत मरायचं. माझ्यानं तो विचार सहन होत नव्हता. काहीही करून मामांच्या हातात तो पेपर पडता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भाऊ जिंतूरला कार्यक्रमात होते. फोनवर सगळं ऐकून म्हणाले, "पहिल्यांदा फोडलं कुणी ते शोधा."

"भाऊ, ते मागून शोधू," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "सकाळी ताडकळसला चला. हात जोडते. पेपरच्या आधी तुम्ही पोचलात तर मामांना काही वाटणार नाही."

पलीकडे मंडपातला स्पीकर वाजत होता. मग भाऊ म्हणाले, "येतो. फोटोग्राफरला सांगा."

सकाळी उजाडताच मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून ताडकळस गाठलं. ताडकळसला पेपरचे गठ्ठे जीपनं येतात आणि स्टँडजवळच्या एका टपरीवर उतरतात. टपरीवाला गठ्ठा सोडतच होता.

"हा पेपर सगळाच्या सगळा द्या मला," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "समदा? कामून, काय आलंय त्यात?"

"काही नाही. द्या."

झालं. माझ्या त्या 'काही नाही'नं घात केला. त्यानं एक अंक उपसून पसरला. बाजाराचा दिवस होता, मेथीच्या पेंढ्या आणि कोंबड्या घेऊन लोक उतरत होते. चार डोकी त्या अंकावर वाकली. "आरं, ह्ये तर आपले मामा!" कुणीतरी मोठ्यानं वाचायला लागलं. मी बाकीचे अंक छातीशी धरून उभी, आणि एक माणूस मोबाईल पुढे करून मला सांगतोय, "बाई, कामून दुखवायलाव हात? ह्यात आलंय की समदं, पहाटंच." कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आमच्या आईचं वाक्य मला भर बाजारात आठवलं. मला रडूच कोसळलं. नवरा म्हणाला, चल, आता घरी तरी जाऊ त्यांच्या.

मी ते अंक तसेच काखेत घेऊन मामांच्या घरी गेले. का घेऊन गेले, देव जाणे. दारात मुलगा बसला होता.

"दादा, मामांनी पेपर..."

"मोबाईलवर वाचला," तो म्हणाला. "आत जावा. पहाटंच माझ्याकडून दाढी करून घेतली, धुतलेलं धोतर नेसवाया लावलं. म्हनायलेत भाऊ यायलेत."

मी दारातच थबकले. भाऊ येणार हे आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. निघतील की नाही याचाच भरवसा नव्हता.

मामा उशीला टेकून बसले होते. अंगावर मांस राहिलंच नव्हतं, पण कपाळावर भस्माचे पट्टे ताजे होते. शेजारी चष्मा आणि मोबाईल. माझ्या काखेतल्या पेपरांकडे बघून ते हसले. हसताना पोटावर हात दाबून धरावा लागला.

"समदे घेतलेस व्हय? खुळी हायस."

"मामा, भाऊ येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी सांगाया कशाला पायजे? पेपरात उलटं छापून आलं की भाऊंची गाडी निघती. जल्मभर त्येच बगत आलोय." मग मोबाईलवर बोट ठेवून म्हणाले, "ग्रुप मीच काढलेला हाय, माय. मला अजून कोनी काढलं न्हाई."

माझ्या काखेतले पेपर जमिनीवर पसरले.

"तुम्ही? तुम्ही दिलं त्याला?"

"मीच धाडलं. म्हनलं जशाला तसं छाप, एक अक्षर हलवू नगंस. त्यो छापाया तयार नव्हता. शपथ घातली माझी."

मला इतका राग आला की काय सांगू. काल संध्याकाळपासून आमचा जीव टांगणीला, तो गरीब ड्रायव्हर लेकराची आन घेतोय, आणि हे इथं दाढी करून बसलेत! "मामा, माझी नोकरी जाईल," मी ओरडले.

"जाऊ दे की. चांगलं लिव्हतीस, लागशील कुटंबी." मग त्यांचा आवाज खाली आला. "किती फोन केले तुला. आला का त्यो? ती श्रद्धांजली वाचली आन् ध्यानात आलं, ह्यो आता मेल्यावरच यायचा. मंग म्हनलं, आदी मरून बगावं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांचे पाय धरले. पाय गार होते.

"आन् चितेच्या साक्षीनं काय गं? आमच्यात जाळतेत का? आमाला समाधीत बसवतेत. येवढं तर बगायचं."

तेवढ्यात बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. भाऊ आले. मागं पीए, फोटोग्राफर, आणि कुणाच्या तरी हातात शाल आणि नारळ. आजारी माणसाला बघायला शाल-नारळ! सवयच ती, सत्काराला निघाल्यासारखे निघाले होते. भाऊंनी मामांच्या पायांना हात लावला आणि लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. "मामा, या ऑफिसातल्यांनी घोळ घातला. मी यांना सोडणार नाही."

"तिला काई बोलायचं न्हाई," मामा म्हणाले. "बसा. खुर्चीवर न्हाई. इकडं बसा, उशाशी."

भाऊ बसले. मामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. फोटोग्राफरनं फोटो काढून झाले तरी सोडला नाही.  भाऊंचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि ते खोटे नव्हते, हे त्यांच्यावर कितीही राग असला तरी मला सांगितलं पाहिजे. मग त्यांचा मोबाईल वाजला. पहिल्यांदा त्यांनी तो बंद केला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मामांनी आपणच हात सोडला.

गाड्या गेल्यावर मुलगा आत आला, बापाची पाठ उशीवरून सरळ केली, ओठ ओल्या कापडानं पुसले आणि खाली जमिनीवर, उशापाशी, नेहमीच्या जागी बसला. तिथली सतरंजी बसून बसून खोलगट झाली होती.

"ती उशाची ओळ आता खरी झाली," मामा मला म्हणाले. "ती समद्यात वर घाल. भाऊंचं नाव खाली गेलं तरी चालंल." मुलगा खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'मामांची प्रकृती उत्तम', आणि भाऊंचं हसं थांबलं. कुणी फोडलं हे मी ऑफिसात आजतागायत सांगितलेलं नाही. ड्रायव्हरला तेवढं सांगितलं, त्याला झोप येत नव्हती म्हणून.

त्याच आठवड्यात एका सकाळी, उन्हं तापायच्या आत मामा गेले. भाऊ त्या वेळी मुंबईत होते. मसुदा मी काढला, शब्द देण्याच्या वाक्यातली चिता खोडली, उशाचं वाक्य सगळ्यात वर घातलं आणि भाऊंचं नाव सगळ्यात खाली. पीए म्हणाला, नाव वर घ्या. मी ऐकलं नाही. श्रद्धांजली तशीच सोडली.

सकाळी पेपर उघडला. त्या पानावर कुठल्याशा दुकानाची मोठी जाहिरात आली होती. मामांच्या बातमीखाली इतर पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या होत्या, आमची सगळ्यात शेवटी, आणि कात्री खालून चाललेली. भाऊंचं नाव उडालं होतं, भाऊंचा शब्द उडाला होता. उरलं होतं एकच वाक्य: 'मामांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी बसलो होतो.' खाली कुणाचंच नाव नाही.

पीए माझ्यावर जो तुटून पडला त्याचं वर्णन करत नाही. तो बोलत असतानाच माझा फोन वाजला. मामांचा मुलगा होता. त्यानं ऑफिसच्या माणसाला आपणहून, काही काम नसताना केलेला तो पहिलाच फोन.

"ताई, ते पेपरातलं... गावात लोक मला इचारायलेत, तू दिलतंस का म्हणून." मग म्हणाला, "मी हाव म्हणलो. चुकलं का?"

"नाही दादा," मी म्हटलं. "काही चुकलं नाही."